सिग्नलला उभी राहिली की गाडी थरथरते: माउंटिंग, टॉर्क रॉड आणि ब्रेसची भानगड

सिंहगडरोडकर

नमस्कार मंडळी. सासऱ्यांची १९९७ ची मारुती ८०० आमच्याकडे आहे. कार्ब्युरेटरवाली, चार गिअरची. गेल्या वर्षी ग्रीन टॅक्स भरून पुन्हा पासिंग करून आणली, कारण गाडी विकायची नाही असं घरात ठरलंय (म्हणजे बायकोने ठरवलंय, मला कळवलंय).

त्रास असा. सिग्नलला न्यूट्रलमध्ये उभी असली की स्टेअरिंगवर हाताला मुंग्या येतात. आतल्या आरशात मागचा एक रिक्षावाला दोन दिसतो. डॅशबोर्डवर सासऱ्यांनी चिकटवलेला गणपती आहे, त्याचा चिकटा सुटलाय, तर तो दांडेकर पुलाच्या सिग्नलला हळूहळू फिरत आमच्याकडे पाठ करून बसतो. पहिला किंवा रिव्हर्स टाकून क्लच सोडला की पुढून 'धप्प' असा आवाज येतो. गाडी पळायला लागली की सगळं शांत.

पहिल्या गॅरेजवाल्याने प्लग बदलले, कार्ब्युरेटर साफ केला. तेराशे रुपये गेले, फरक शून्य. दुसरा म्हणाला, "साहेब, बॉडी ढिली झालीय. पुढे स्ट्रट बार टाका आणि माउंटिंग पॉलियुरेथेनची, म्हणजे कडक प्लास्टिकची टाका, परत बघायला नको." हे माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्याच्यावर टेकतं ते रबर, नेमकं करतं काय? आणि तो बार (पुढच्या सस्पेन्शनचे दोन मनोरे जोडणारा आडवा दांडा) टाकून इंजिनाची थरथर जाईल का? बारचे साडेचार हजार सांगितलेत.

उद्यमनगर

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. बारचे पैसे खिशात ठेवा. माउंटिंग बसलीत तुमची.

सिंहगडरोडकर

बसलीत म्हणजे? बसवलेलीच असतात ना?

उद्यमनगर

बसलीत म्हणजे दबलीत हो. रबर दबून इंजिन खाली आलं असेल. आमच्याकडे जुने मिस्त्री त्याला फाउंडेशन म्हणतात, 'फाउंडेशन गेलं' म्हणतील. कोल्हापूरला असता तर आत्ता टॉमी (उचकटायची पहार) लावून दाखवलं असतं.

चाकणचा_रबरवाला

१९ वर्षं गाड्यांच्या रबरी पार्टमध्ये काढलीत, तेव्हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

माउंटिंगला एकमेकांच्या विरुद्ध अशी दोन कामं असतात. इंजिन धरून ठेवायचं आणि इंजिनाला हलूही द्यायचं. धरायचंच असतं तर चार बोल्ट मारून काम झालं असतं, रबर कशाला लागलं असतं? १९३० च्या आधीच्या बहुतेक गाड्यांत इंजिन चासीला जवळपास थेटच आवळलेलं असायचं आणि आत बसलेल्याचे दात वाजायचे. १९३१ मध्ये क्रायस्लरने प्लिमथ गाडीत 'फ्लोटिंग पॉवर' आणली. इंजिन नैसर्गिकरीत्या ज्या अक्षाभोवती डोलतं, तो अक्ष शोधून त्याच्यावरच पुढे-मागे रबर ठेवलं. इंजिन चार सिलिंडरचंच, पण आतल्या माणसाला आठ सिलिंडरसारखं मऊ लागावं, अशी जाहिरात. पुढच्याच वर्षी सिट्रोएनने परवाना घेऊन तेच फ्रान्समध्ये आणलं आणि जाहिरातीवर तरंगणारा हंस काढला.

आता तुमच्या गाडीकडे. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. दर दोन फेऱ्यांत तीन स्फोट. आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग, मिनिटाला ९०० फेऱ्या धरलं तर मिनिटाला १३५० ठोके, सेकंदाला साडेबावीस. शिवाय तीन सिलिंडरच्या इंजिनात वरखाली होणारी बलं एकमेकांना मारतात, पण इंजिन एका टोकाला वर आणि दुसऱ्या टोकाला खाली असं हेलकावतं, ते राहतंच. म्हणजे जन्मतःच डोलणारं पोर आहे हे.

रबरावर ठेवलेलं इंजिन म्हणजे झोपाळा समजा. झोपाळ्याची स्वतःची एक चाल असते. त्या चालीला धरून धक्के दिले की झोका चढत जातो. त्यापेक्षा फार भराभर धक्के दिले की झोपाळा जागचा हलत नाही, तुमचाच हात दुखतो. माउंटिंगचं रबर इतकं मऊ लागतं की इंजिनाची स्वतःची चाल स्फोटांच्या ठोक्यांच्या बरीच खाली राहावी. हिशेबाने ठोक्याची वारंवारता त्या चालीच्या किमान १.४ पट हवी, तरच थरथर अडायला सुरुवात होते. साडेबावीसला १.४ ने भागा, सोळा येतात. इंजिनाची चाल सोळाच्या खाली हवी. २५-२७ वर्षांत रबर उष्णतेने कडक होतं, दबतं, कधी लोखंड लोखंडाला टेकतं. मग ती चाल चढत वीसवर येते आणि आयडलिंगचे ठोके बरोबर झोक्याच्या तालात पडायला लागतात. थेट बॉडीत, स्टेअरिंगमध्ये, गणपतीत.

गाडी पळताना शांत का, तेही यातच आलं. ३००० आरपीएमला सेकंदाला ७५ ठोके. कडक झालेलं रबरसुद्धा तेवढे पचवतं.

म्हणून पॉलियुरेथेनला माझा ठाम नकार. ते रेसवाल्यांसाठी. तिथे इंजिन जागचं हलू नये एवढंच बघतात, आरसा थरथरला तर कुणाचं काही बिघडत नाही. मऊ नॅचरल रबर काढून तुम्ही ते कडक घातलंत तर आज जे होतंय ते नव्या पार्टात विकत घ्याल.

खट्याळ_काकू

गणपतीत! 😄 रबरवाले, काय समजावता हो. इंजिनिअरिंगला चार वर्षं व्हायब्रेशनचा पेपर रट्टा मारून पास झाले, आज कळला.

सिंहगडरोडकर

दंडवत घ्या. आणि ते 'धप्प'?

चाकणचा_रबरवाला

ते धरून ठेवायच्या कामातलं. तुमच्या गाडीचं इंजिन आडवं, म्हणजे गाडीच्या रुंदीत बसवलेलं, आणि इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल (दोन चाकांना ओढ वाटून देणारे गिअर) एका गाठोड्यात. ८०० चा टॉर्क जेमतेम ५९ न्यूटन मीटर. पण पहिला गिअर आणि डिफरन्शियल मिळून तो साधारण पंधरापट होतो. चाकांना ९०० च्या आसपास मिळाला की तेवढाच उलटा पीळ त्या गाठोड्याला बसतो. चाकं पुढे फिरतात, गाठोडं मागे कलंडू बघतं. एक फूट अंतरावरच्या माउंटिंगने तो अडवायचा म्हटलं तर तीनशे किलोचा जोर आला. एवढीशी गाडी असून! तुम्ही क्लच नीट सोडता तेव्हा एवढा लागत नाही, पण खड्ड्यातून काढताना लागतो. रबर फाटलेलं असेल तर इंजिन मोकळ्या जागेतून जातं आणि लोखंडावर आपटतं. धप्प. रिव्हर्सला उलट्या बाजूला धप्प.

काळीपिवळीचा_मुलगा

माझे बाबा ३१ वर्षं मुंबईत टॅक्सी चालवायचे, पद्मिनी. तिच्यात इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत, आणि ओढ मागच्या चाकांना. रबरवाले म्हणतात त्या हिशेबाने पद्मिनीच्या माउंटिंगला त्रास कमी व्हायला हवा ना?

चाकणचा_रबरवाला

बरोबर पकडलंत. उभ्या इंजिनाच्या मागच्या-चाक-ओढीत डिफरन्शियल मागे वेगळं असतं. त्याचा पीळ मागचा ॲक्सल आणि पाटे सोसतात. इंजिनाच्या माउंटिंगला फक्त गिअरबॉक्सपर्यंतचा पीळ. पण तो येतो आडवा, म्हणजे रेस दिली की इंजिन एका कुशीवर वळतं. बॉनेट उघडून पद्मिनीला रेस दिलेली ज्यांनी पाहिलीय त्यांना सांगायला नको.

काळीपिवळीचा_मुलगा

पाहिलीय तर! लहानपणी मला वाटायचं इंजिन कूस बदलतंय. बाबांना माउंटिंग गेल्याचं आवाजावरून नाही, गिअरवरून कळायचं. पद्मिनीचा गिअर स्टेअरिंगच्या दांड्यावर. दांडा बॉडीला, गिअरबॉक्स इंजिनाला, मधे सळया. इंजिन खाली बसलं की सळयांचं माप चुकायचं आणि दुसरा टाकायला गेलं की गिअर अडायचा. गिऱ्हाईक वैतागायचं, बाबा शांतपणे म्हणायचे, "जेवली नाही आज ती."

धंदा बुडू नये म्हणून एक जुगाड करायचे. जुन्या टायरचा तुकडा कापून, भोक पाडून पॅकिंग म्हणून खाली घालायचे. पंधरा-वीस दिवस निघायचे, तेवढ्यात नवीन रबराचे पैसे जमायचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली तेव्हा त्यांनी बातमी बघितली आणि टीव्ही बंद केला. बोलले काही नाहीत.

उद्यमनगर

टायरचा तुकडा आमच्याकडेही चालायचा. पण टायरमध्ये नायलॉनचे दोरे असतात, रबर दबायचं तेवढं दबत नाही. निकड भागते, गाडी नाही.

काकांना नमस्कार सांगा.

लेस्टरची_सून

इथे इंग्लंडमध्ये नवऱ्याने १९७८ ची जुनी मिनी घेतलीय. तिचंही इंजिन आडवं, पण ते खाली दोनच माउंटिंगवर टेकलेलं, दोन्ही टोकांना एकेक. दोनावरच असल्यामुळे ते पुढेमागे डोलणार हे ठरलेलं. म्हणून वरून एक बोटभर जाडीची सळई इंजिनापासून मागच्या पत्र्याच्या भिंतीला जोडलीय. इथे तिला स्टेडी बार म्हणतात. दोन्ही टोकांना छोटे रबरी बुश, म्हणजे रबराच्या कड्या. ते बुश म्हणजे किरकोळ वस्तू, पण गेले की क्लच सोडताना अख्खी गाडी टपाटप उड्या मारते.

आमची मजा अशी झाली की सायलेन्सरचा पाईप इंजिनाला जोडतो तिथे सारखा फुटायचा. तीनदा वेल्डिंग केलं. चौथ्यांदा नवऱ्याने मला गाडीत बसवून हाफ क्लचवर धरायला सांगितलं आणि स्वतः बाजूला उभा राहून बघितलं. इंजिन इतकं पुढेमागे जात होतं की पाईप बिचारा एकटाच इंजिन धरून होता. बुश बदलले, पाईप पुन्हा फुटला नाही.

खट्याळ_काकू

"पाईप बिचारा एकटाच इंजिन धरून होता." आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींची आठवण आली.

चाकणचा_रबरवाला

लेस्टरताईंनी फार मोलाचं सांगितलं. सळईचं हेच काम. वजन खालच्या माउंटिंगने घ्यायचं, पीळ वरच्या सळईने अडवायचा. कामं वाटून दिल्यामुळे वजन घेणारं रबर मऊ ठेवता येतं. आताच्या बहुतेक छोट्या गाड्यांत हीच कल्पना उलटी वापरतात. इंजिन वर दोन माउंटिंगवर लटकवायचं आणि खाली एक टॉर्क रॉड. आकार कुत्र्याच्या हाडासारखा म्हणून त्याला डॉगबोनही म्हणतात. नव्या गाडीत 'धप्प' आला तर आधी तो बघायचा.

मिशिगनकर_नाना

उशिरा येतोय. इथे डेट्रॉइटजवळ राहतो, १९६६ ची मस्टँग आहे, म्हणजे बायकोच्या मते ती आहे आणि मी तिच्याकडे राहतो.

दोन गोष्टी. माउंटिंग तुटणं हे नुसतं थरथरीचं प्रकरण समजू नका. मोठ्या व्ही-आठ, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनाला रेस दिली की ड्रायव्हरच्या बाजूने ते वर उचललं जातं. इथे ड्रायव्हर डावीकडे. म्हणून डावं माउंटिंग आधी फाटतं. साठच्या दशकातल्या शेवरोलेंमध्ये हे इतकं झालं की फाटलेल्या माउंटिंगवरून इंजिन वर उठायचं, थ्रॉटलची सळई ओढली जायची आणि ॲक्सिलरेटर आपोआप उघडायचा. इंजिनाला आणखी जोर मिळणार, ते आणखी वर उठणार. डिसेंबर १९७१ मध्ये जनरल मोटर्सने सुमारे ६७ लाख गाड्या परत बोलावल्या. आणि उपाय काय केला? इंजिनाला दावं बांधलं! रबर फाटलं तरी इंजिन ठरावीक उंचीवर जाऊ नये म्हणून लोखंडी दोर. बैलाला बांधतो तसं.

दुसरी गोष्ट ब्रेसची, म्हणजे बॉडी ताठ ठेवणाऱ्या आधाराची. मस्टँगमध्ये पुढच्या स्प्रिंगांचे दोन उंच पत्र्याचे मनोरे इंजिनाच्या दोन बाजूंना आहेत. खड्ड्यात आपटली की ते आत कलतात. अमेरिकेतल्या गाड्यांना फोर्डने मनोऱ्यापासून मागच्या पत्र्याला दोन सुट्या पट्ट्या दिल्या, आणि जिथले रस्ते वाईट त्या देशांत पाठवायच्या गाड्यांना एकसंध जाड ब्रेस. त्याचं नावच एक्स्पोर्ट ब्रेस. दोन मनोऱ्यांना आडवा जोडणारा बार वेगळा, त्याला माँटे कार्लो बार म्हणतात, रॅलीवरून. माझ्या गाडीत आता दोन्ही आहेत. वळणावर पुढचा भाग एकसंध वाटतो. पण सिंहगडरोडकर, आयडलिंगला तसूभर फरक पडला नाही. बार बॉडीला बॉडी जोडतो, इंजिनाला हातही लावत नाही.

सिंहगडरोडकर

म्हणजे गॅरेजवाल्याने साडेचार हजारांचा चुना लावला असता.

चाकणचा_रबरवाला

चुना की अज्ञान, देव जाणे. एक मात्र त्याच्या बाजूने सांगतो. पूर्वी इंजिन चासीला कडक आवळलेलं असायचं तेव्हा ते चासीला आडव्या तुळईसारखं ताठ ठेवायचं. ते रबरावर तरंगायला लागलं आणि ती तुळई गेली. मग चासीला वेगळे आडवे, फुलीचे आधार द्यावे लागले. म्हणजे माउंटिंग आणि ब्रेस यांचं नातं आहे, फक्त गॅरेजवाला सांगतो ते नाही. शिवाय तुमच्या ८०० मध्ये मनोरे बुटके आणि पत्र्याच्या पेटीत घट्ट बसलेले. जुन्या गाडीत ते गंजलेत का तेवढं बघा. गंजलेल्या पत्र्याला बार लावणं म्हणजे कुजलेल्या वाशाला नवा खिळा.

आता घरी करायची तपासणी. गाडी सपाट जागी, मागच्या चाकांना दगड, हँडब्रेक, पाय ब्रेकवर. बॉनेट उघडं. आत बसलेल्याने पहिला टाकून क्लच थोडासा सोडायचा, गाडीला ओढ लागेपर्यंतच. बघणाऱ्याने बाजूला उभं राहायचं, पुढे अजिबात नाही. मग रिव्हर्समध्ये तेच. इंजिन थोडं हलणारच. एकीकडे कमी आणि दुसरीकडे बचकन उचललं तर फाटलंय.

आणि त्याआधी आयडलिंग किती आहे ते बघा. कित्येकदा मिस्त्री थरथर लपवायला आयडलिंग हजार-अकराशेवर चढवून देतात. थरथर जाते, पेट्रोलही जातं.

सिंहगडरोडकर

रविवारचा अहवाल. बायको आत, मी बाजूला, मेहुणा मागच्या दगडाजवळ (त्याला काम नव्हतं, पण आला होता). पहिल्यात इंजिनाची पुढची बाजू दोन बोटं वर आली आणि धपकन बसली. बॅटरीच्या दिव्याने बघितलं तर पुढच्या माउंटिंगचं रबर लोखंडापासून सोलून निघालंय. वरून ठीक दिसत होतं, टॉमीने उचलल्यावर तोंड वासलं. मागच्यावर तेलाचा थर, बोट लावलं तर रबर लोण्यासारखं मऊ, नखाने निघतंय.

उद्यमनगर

तेल कुठून येतंय ते आधी बघा. इंजिनाच्या वरच्या झाकणाचं गॅसकेट गळत असणार. नॅचरल रबराला इंजिन ऑइल म्हणजे विष, फुगून चिखल होतं. गॅसकेट न बदलता माउंटिंग बदललंत तर वर्षभरात परत इथेच धागा काढाल.

तिन्ही एकदम बदला. एक नवं आणि दोन म्हातारी ठेवलीत तर सगळा भार नव्यावर.

चाकणचा_रबरवाला

+१. बसवताना दोन गोष्टी मिस्त्रीच्या डोक्यावर उभं राहून करून घ्या. जॅक ऑइल चेंबरखाली (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीखाली) लावायचा तर मधे लाकडी ठोकळा. चेंबर पत्र्याचा असतो, आत चेपला तर तेल ओढणाऱ्या जाळीला टेकतो. आणि सगळे बोल्ट आधी ढिले लावायचे, इंजिन हाताने दोनदा हलवून त्याच्या जागी बसू द्यायचं, मग आवळायचे. एकेक करून गच्च आवळलं तर रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलं राहतं. नवी माउंटिंग टाकूनही थरथर गेली नाही असं लोक सांगतात, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी हेच झालेलं असतं.

सिंहगडरोडकर

शेवटचा अहवाल. तीन माउंटिंग आणि वरचं गॅसकेट. मिस्त्री वेगळा शोधला. ठोकळा त्याच्याकडे आधीच होता, ग्रीसने काळा झालेला, ते बघूनच जीवात जीव आला. आवळायच्या आधी इंजिन हलवायला सांगितलं तर माझ्याकडे बघून हसला, म्हणाला, "साहेब, वाचून आलात वाटतं."

आयडलिंग खरंच चढवलेलं निघालं. आता जागेवर आणलं. स्टेअरिंग शांत, आरशात रिक्षावाला एकच. थरथर पूर्ण गेली असं नाही, सीटला बारीक गुणगुण आहे. तीन सिलिंडर आहेत म्हणून सोडून देतो. गणपती मात्र काल दांडेकर पुलाला पूर्ण सिग्नलभर समोर बघत होता. बायको म्हणते आता चिकटवू नकोस, राहू दे तसाच.

लेस्टरची_सून

वा! जुनी काढलेली माउंटिंग टाकू नका हं.

सिंहगडरोडकर

का बरं? मेहुणा पेपरवेट म्हणून घेऊन गेला एक.

उद्यमनगर

परत आणा त्याच्याकडून. ८०० चे पार्ट अजून मिळतात, पण नाना पेठेत नवीन घेताना जुना तुकडा समोर ठेवून भोकांचं अंतर आणि रबराची उंची जुळवून बघावी लागते. बाहेरून हुबेहूब दिसणारे डुप्लिकेट भरपूर आहेत. नखाने दाबून बघा. टायरसारखं ताठ लागलं तर काउंटरवरच परत द्या.

काळीपिवळीचा_मुलगा

हा धागा बाबांना वाचून दाखवला. टायरच्या तुकड्याबद्दल म्हणाले, "ट्रकचा घ्यायचा नाही, स्कूटरचा घ्यायचा. मऊ असतो." रबरवाले, हिशेब जुळतो का बघा.

चाकणचा_रबरवाला

जुळतो. त्यांना म्हणावं, आमच्या लॅबमध्ये या.